तेव्हा तुझ्या डोक्यात काय चाललं होतं?

पत्र

मी बालरोग विभागात शिकवते. दर महिन्याला आम्ही वॉर्डातच मॅनिकिन, म्हणजे सरावाचा पुतळा, ठेवून इमर्जन्सीचा सराव घेतो. कधी फिट, कधी शॉक (रक्ताभिसरण कोलमडणं), कधी श्वास थांबलेलं बाळ. सराव चांगला होतो, पण नंतरचं डीब्रीफिंग, म्हणजे सरावावरची चर्चा, नुसतं उरकलं जातं. 'काय बरं झालं, काय सुधारता येईल' असं मी विचारते. दोघे-तिघे बोलतात, सिस्टर गप्प बसतात, मग सीनिअर डॉक्टर गाइडलाइन सांगायला लागतात आणि वेळ संपते. गेल्या वेळी आठ महिन्यांच्या बाळाला शॉक, असा प्रसंग होता. टीम लीडर असलेला ज्युनिअर रेसिडेंट आयव्हीसाठी शीरच शोधत राहिला, आयओ (शीरेऐवजी हाडात घालायची सुई) टाकलं नाही. चर्चेत मी अगदी सौम्यपणे विचारलं, 'आयव्ही मिळत नसेल तर आपण काय करायला हवं?' त्याचे डोळे भरून आले. आता तो सरावाला यायचं टाळतो. विभागप्रमुख सरावाला मागे बसून नोंदी घेतात. त्यांचं म्हणणं, व्हिडिओ सिस्टिम आणि नवं महागडं मॅनिकिन घेतलं की चर्चाही सुधारेल. सुधारेल का? मला एकूण अर्ध्या तासाहून जास्त वेळ मिळत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर

प्रिय डॉक्टर,

आधी खरेदीचा विषय संपवतो, कारण पैसे एकदा खर्च झाले की ते वसूल करण्याच्या नादात मूळ प्रश्न मागे पडतो. व्हिडिओ दाखवून केलेली चर्चा आणि न दाखवता केलेली चर्चा यांची तुलना बऱ्याच जणांनी केली आहे. मुलांच्या इमर्जन्सीत काम करणारे अ‍ॅडम चेंग आणि त्यांचे सहकारी यांनी 2014 साली ते सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले. व्हिडिओमुळे शिकण्यात म्हणण्यासारखा फरक पडलेला दिसला नाही. चेंग यांच्याच 2013 च्या अभ्यासात नवखे प्रशिक्षक बालकांच्या रिससिटेशनचा, म्हणजे थांबलेला श्वास किंवा हृदय पुन्हा सुरू करण्याचा, सराव घेत होते. काही टीम्सना जिवंत वाटेल असं मॅनिकिन होतं, काहींना साधं. काही प्रशिक्षकांच्या हातात चर्चेची लिहिलेली संहिता होती, बाकीचे आपल्या मनाने बोलत होते. मॅनिकिनच्या खरेपणाने फारसं काही बदललं नाही. संहिता असलेल्या टीम्सचं ज्ञान आणि टीम लीडरचं वागणं मात्र जास्त सुधारलं. तेव्हा विभागप्रमुखांना सांगा की आपल्याला लागणारी वस्तू एका कागदावर मावते. ती हातात आल्यावर व्हिडिओचा विचार करायला हरकत नाही.

आता त्या प्रश्नाकडे येतो.

'आयव्ही मिळत नसेल तर आपण काय करायला हवं?' हा प्रश्न तुम्ही प्रेमाने विचारला, यात मला शंका नाही. पण त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला उत्तर माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं. आपलं काय राहिलं हे त्या मुलाला एव्हाना कळलं होतं, आणि सगळ्यांसमोर ते त्याच्याच तोंडून वदवून घेतलं जातंय, हेही कळलं होतं. ज्याचं उत्तर विचारणाऱ्याच्या खिशात आहे, तो प्रश्न ऐकणाऱ्याला परीक्षेसारखाच वाटतो. आवाज मऊ ठेवल्याने त्यात फरक पडत नाही. उलट, वरून सौम्यपणा आणि आत नाराजी हे मिश्रण माणसांना लगेच ओळखू येतं.

बोस्टनच्या सेंटर फॉर मेडिकल सिम्युलेशनमधल्या जेनी रुडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली हेच फार स्पष्टपणे मांडलं. आपण मत देत नाही असा आव आणू नका, मत लपत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी सुचवलेली रीत साधी आहे. मी काय पाहिलं ते सांगायचं, मला त्याबद्दल काय वाटलं तेही उघड सांगायचं, आणि मग समोरच्याचा विचार काय होता ते मनापासून विचारायचं. तुमच्या प्रसंगात ते असं झालं असतं:

'दोनदा शीर सुटल्यावर तू तिसऱ्यांदा दुसरा हात घेतलास. तेव्हा मॉनिटरवर बीपी खाली येत होतं. बाळाला फ्लुइड पोहोचायला उशीर होतोय, अशी मला काळजी वाटत होती. तेव्हा तुझ्या डोक्यात काय चाललं होतं?'

या वाक्यांत चूक झाकलेली नाही. 'छान केलंस, फक्त एक गोष्ट...' अशी गोड सुरुवातही नाही. पण शेवटचा प्रश्न खरा आहे, कारण त्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक नाही. आणि ते ठाऊक नाही हे तुम्ही आधी स्वतःशी मान्य केलं पाहिजे. बहुतेक प्रशिक्षक इथेच अडतात. 'त्याला सुचलं नाही' असं तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, 'टाकलं नाही' एवढंच लिहिलंत. ते मला फार आवडलं. आपण काय केलं नाही ते दिसतं, ते का झालं नाही ते दिसत नाही.

समजा त्याने सांगितलं, 'मॅडम, शीर दिसत होती. अजून एका प्रयत्नात मिळेल असं वाटलं. किती वेळ गेला ते कळलंच नाही.' मग त्याला आयओची माहिती देऊन काय उपयोग? ती त्याच्याकडे आहेच. त्याला हवा आहे वेळ मोठ्याने सांगणारा माणूस. टीम लीडरने स्वतः सुई हातात घेतली की त्याची नजर एका मनगटावर खिळते आणि बाकीची खोली त्याच्यासाठी नाहीशी होते. म्हणून चर्चा अशी वळेल: लीडरने हात मोकळे का ठेवायचे, वेळ कोणी पुकारायचा, किती प्रयत्नांनंतर थांबायचं हे प्रयत्न सुरू करण्याआधीच कसं बोलून टाकायचं.

समजा तो म्हणाला, 'बाळ अजून रडत होतं, हात हलवत होतं. हाडात सुई म्हणजे अगदी शेवटचा उपाय, असं मला वाटत होतं.' इथे गोष्ट वेगळी. त्याच्या मनात आयओ ही हृदय बंद पडल्यावर करायची गोष्ट आहे. शॉकमधल्या बाळाला शीर चटकन मिळत नसेल तर ते जागं असतानाही आयओ करावं लागतं, ही समजूत त्याला द्यायची आहे. शिवाय रडणाऱ्या बाळाला दुखवण्याची भीती आहे. ती बालरोगात काम करणाऱ्या प्रत्येकाला असते आणि ती बोलून दाखवायला जागा हवी. 'हे आणखी कोणाला वाटतं?' असं विचारा. हात वर येतील.

आणि समजा तो खाली बघत म्हणाला, 'आयओची सुई घालायचं ड्रिल कुठे ठेवलंय ते मला माहीत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटली.' मग तर शिकायचं त्याच्या एकट्याला नाहीच. तुमच्या वॉर्डालाही शिकायचं आहे.

तीन उत्तरं, तीन वेगळे उपाय. ताप आलेल्या तीन मुलांना न तपासता एकच औषध लिहून देणं तुम्हाला कधी पटणार नाही. पण आयओच्या गाइडलाइनचं सीनिअर डॉक्टरांचं भाषण नेमकं तेच करतं. त्यातलं एकही वाक्य चुकीचं नसतं, फक्त ते कोणाला आणि कशासाठी चाललंय हे कोणी विचारलेलं नसतं.

शब्दांबद्दल एक सूचना. 'का नाही टाकलंस?' असं विचारलं की उत्तरात स्वतःचा बचाव येतो. 'तेव्हा तुला काय दिसत होतं?', 'तुझं लक्ष कशावर होतं?', 'पुढे काय होईल असं वाटत होतं?' असं विचारलं की माणूस आठवू लागतो. आणि प्रश्न टाकल्यावर थांबा. मनात सावकाश दहा आकडे मोजा. ती शांतता तुम्हाला जड जाईल, पण समोरचा त्याच वेळात विचार करत असतो. आपण घाईने दुसरा प्रश्न विचारला, किंवा पहिलाच सोपा करून पुन्हा विचारला, की त्याचा धागा तुटतो.

सगळ्याच गोष्टींसाठी एवढं खोदायची गरज नाही, हेही सांगायला हवं. छातीचे दाब मिनिटाला 100 ते 120 या गतीने पडत नव्हते, तर सरळ सांगा: 'दाब 140 च्या वेगाने पडत होते, छाती पूर्ण वर येत नव्हती. मोजत दे, असं.' दाखवा आणि पुढे जा. हात कुठे ठेवायचे याबद्दल कोणाच्या मनाचा ठाव घ्यायला बसू नये, त्यात वेळही जातो आणि समोरचा अवघडतो. वॉल्टर एपिक आणि चेंग यांनी 2015 साली मांडलेली पर्ल्स ही चौकट मला याच कारणासाठी सर्वांत कामाची वाटते. आधी भावना, मग काय घडलं त्याची थोडक्यात उजळणी, मग विश्लेषण, शेवटी सोबत काय नेणार. विश्लेषणात कधी सरळ सांगायचं, कधी बरं-वाईट त्यांनाच मांडू द्यायचं आणि कधी खोलात शिरायचं, हे हाताशी वेळ किती आणि चूक कुठल्या जातीची यावर ठरवायचं. कौशल्य कमी पडलं तर सांगा आणि करून घ्या. निर्णय विचित्र वाटला तर विचारा.

तुमच्या अर्ध्या तासाचं गणित मी असं मांडेन: सुरुवातीची तीन-चार मिनिटं पूर्वसूचना, आठेक मिनिटांचा प्रसंग, उरलेला सगळा वेळ चर्चा. चर्चा प्रसंगापेक्षा आखूड कधीच नको. प्रसंग रंगात आला म्हणून तो पंधरा मिनिटं चालू द्यायचा मोह होतो, तो आवरा. आणि चर्चेत दोनच मुद्दे घ्या. सातांची यादी तुमच्या वहीत असेल. पाच तिथेच राहू द्या, पुढच्या सरावाला उपयोगी पडतील. आणखी वेळ मागायचा असेल तर वरिष्ठांना सांगायला एक आकडा आहे: स्कॉट टॅननबॉम आणि ख्रिस्तोफर सेरासोली यांनी 2013 साली वेगवेगळ्या क्षेत्रांतले अभ्यास एकत्र केले, तेव्हा कामानंतर चर्चा करणाऱ्यांची कामगिरी साधारण 20 ते 25 टक्क्यांनी सरस निघाली.

एखाद्या महिन्यात ही रचना मोडूनही बघा. पहिल्या पाच मिनिटांची कामं, म्हणजे मास्क नीट धरणं, मदत बोलावणं, दाब सुरू करणं, हृदयाला विजेचा शॉक देणं, ही चर्चेने सुधारत नाहीत. ती हाताने करूनच सुधारतात. जॉन्स हॉपकिन्सच्या एलिझाबेथ हंट यांनी बालरोग रेसिडेंट्ससाठी वापरलेली आणि 2014 साली प्रसिद्ध केलेली पद्धत अशी: चुकलं की तिथेच थांबवायचं, दोन वाक्यांत दुरुस्ती सांगायची, थोडं मागे जाऊन पुन्हा करायला लावायचं, बरोबर होईपर्यंत. यात शेवटी बसून मोठी चर्चा नसते. रेसिडेंट्सना हे आवडतं, कारण बरोबर करून दाखवायची संधी त्याच दिवशी मिळते. फक्त आज थांबवत-थांबवत घेणार आहोत हे आधी सांगा, नाहीतर मधे अडवलं की त्यांना तो अपमान वाटतो.

सिस्टर गप्प बसतात, याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत. माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत गंभीर गोष्ट तीच आहे.

एक उदाहरण घेऊ. दहा किलोचं मूल, हृदय बंद पडलंय. अ‍ॅड्रिनालिन किलोला 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे 0.1 मिलिग्रॅम द्यायचं. 1:10,000 चं द्रावण असेल तर ते एक मिली होतं. लीडर ओरडतो, 'अ‍ॅड्रिनालिन एक मिली!' आणि ट्रॉलीवर हाताला लागतो 1:1000 चा अ‍ॅम्प्यूल. त्यातला एक मिली म्हणजे दहापट डोस. सिरिंज भरणाऱ्या सिस्टरच्या हाताला ते जाणवतं. ती हळू आवाजात म्हणते, 'सर, डायल्यूट करायचं ना?' दाबांच्या आणि अलार्मच्या गोंगाटात ते कोणालाच ऐकू जात नाही. ती पुन्हा विचारत नाही.

अशा वेळी तुमच्या नेहमीच्या चर्चेत काय होईल? कोणीतरी डोसचं गणित फळ्यावर मांडेल. ते मांडायलाच हवं, मोठ्यांच्या औषधात सहसा न होणारी ही चूक बालरोगात वजनामुळे दर वेळी दारात उभी असते. पण त्या खोलीत एका व्यक्तीला बरोबर उत्तर माहीत होतं, आणि तेच बाहेर आलं नाही. चर्चा तिथे न्या. 'सिस्टर, सिरिंज हातात घेऊन तुम्ही काहीतरी म्हणालात, मला शब्द ऐकू आले नाहीत. तुम्हाला काय दिसलं होतं?' मग लीडरकडे वळून: 'त्या वेळी सिस्टरचं बोलणं तुझ्यापर्यंत पोहोचायला काय व्हायला हवं होतं?' हा दुसरा प्रश्न मोलाचा आहे, कारण सिस्टरने आणखी मोठ्याने बोलायला हवं होतं एवढ्यावर विषय थांबत नाही. ऐकणाऱ्यावरही काम येतं. मिलिमध्ये ऑर्डर द्यायची की मिलिग्रॅममध्ये, भरलेला डोस देण्याआधी मोठ्याने परत म्हणायचा की नाही, हे त्या टीमने तिथेच ठरवावं.

सिस्टरना बोलतं करण्यासाठी आणखी दोन साध्या गोष्टी. पहिला प्रश्न कधीही सर्वांत वरिष्ठ माणसाला विचारू नका, त्याच्यानंतर कोणी वेगळं बोलत नाही. आणि शक्य असेल तर चर्चा दोघांनी चालवा, त्यातली एक अनुभवी सिस्टर असू द्या. डॉक्टरच दर वेळी पुढे बसून प्रश्न विचारत असतील, तर बोलायचा हक्क कोणाचा आहे ते सगळ्यांना न सांगता कळतं. दोघींनी मिळून कोणता मुद्दा कोण घेणार हे प्रसंग संपता संपता दोन मिनिटांत ठरवून घ्या, नाहीतर एकमेकींच्या प्रश्नात प्रश्न येतात.

विभागप्रमुखांच्या नोंदवहीबद्दल मी स्पष्टच बोलतो. ती वही खोलीत असेपर्यंत माझ्या वरच्या सगळ्या सूचना अर्ध्या वाया जातील. सराव शिकण्यासाठी आहे की मूल्यमापनासाठी, हे एका वेळी एकच असू शकतं. एमी एडमंडसन यांना 1996 च्या अभ्यासात आढळलं की चांगल्या नेतृत्वाखालच्या रुग्णालयीन टीम्समध्ये औषधांच्या चुकांची नोंद जास्त होत होती. तिथे चुका उघड बोलल्या जात होत्या, हे त्यामागचं कारण त्यांनी मांडलं, आणि 1999 मध्ये टीममधल्या मानसिक सुरक्षिततेची कल्पना त्यांनी सविस्तर मांडली. हे तुमच्या सरांना सांगा. त्यांना बाहेर काढायची गरज नाही. त्यांना काम द्या. बाळाच्या वडिलांची भूमिका द्या, किंवा फोनवरच्या इंटेन्सिव्हिस्टची, म्हणजे आयसीयूतल्या तज्ज्ञाची. चर्चेत त्यांच्याकडून गाइडलाइन न मागता, आयओ टाकताना त्यांचा स्वतःचा हात पहिल्यांदा कसा अडखळला होता, ते सांगायची विनंती करा. वरिष्ठांनी आपल्या संकोचाबद्दल दोन मिनिटं बोलावं, त्याने जे होतं ते अर्ध्या तासाच्या आश्वासनांनी होत नाही.

पूर्वसूचनेत मात्र काही गोष्टी दर वेळी, तोंडपाठ झाल्या तरी, बोललेल्या बऱ्या. इथे आलेला प्रत्येक जण हुशार आहे, सक्षम आहे, त्याला काम चांगलं करायचंय आणि सुधारायचंय, हे आम्ही धरून चालतो. इथलं कोणाचं वागणं बाहेर चर्चेला जाणार नाही. मॅनिकिनला काय करता येतं, काय येत नाही. कुठली औषधं आणि उपकरणं खरी वापरायची. आणि चर्चेत तुमच्या निर्णयांबद्दल मी उत्सुकतेने विचारेन, हेही सांगा. म्हणजे नंतर 'तुझ्या डोक्यात काय होतं' असं विचारल्यावर ते दचकत नाहीत.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आधी ठरवावी लागते: मॅनिकिन मरणार का? प्रसंगात बाळ दगावलं की तो शिकण्याचा विषय राहत नाही, शोकाचा होतो, आणि तुमचा शॉकचा सराव तिथेच संपतो. मृत्यू, आईवडिलांशी बोलणं, प्रयत्न कधी थांबवायचे हे शिकवायचं असेल तर तसं आधी ठरवून, पुरेसा वेळ ठेवून, सगळ्यांना कल्पना देऊन करा. टीमचा हात धीमा पडला म्हणून शिक्षा म्हणून बाळ मारू नये. काही ठिकाणी तसं करतात, आणि मला ते अजिबात मान्य नाही. ज्यांच्या घरी त्याच वयाचं मूल आहे, किंवा ज्यांनी गेल्याच आठवड्यात खरं बाळ गमावलंय, अशी माणसं त्या खोलीत असतात.

तुमच्या त्या रेसिडेंटबद्दल मला राहून राहून एकच वाटतं. त्या दिवशी त्याला नेमकं काय लागलं ते आपल्याला माहीत नाही. कदाचित प्रश्न. कदाचित मागे बसलेली वही. कदाचित वॉर्डातलं एखादं खरं बाळ. सगळ्यांसमोर डोळे भरून आले तर चर्चा थांबवून त्याच्यावर सगळ्यांची नजर वळवू नये, तसंच काही झालंच नाही असं दाखवूही नये. 'हा प्रसंग अवघड होता, एक मिनिट थांबू' एवढं म्हणावं, पाणी द्यावं, जायचं असेल तर जाऊ द्यावं, आणि सोबत एक जण पाठवावा. डीब्रीफिंग म्हणजे समुपदेशन नव्हे. मनाची जखम तिथे उघडू नये, पण दिसली तर योग्य माणसापर्यंत पोहोचवावी.

आता त्याच्याशी एकट्याने बोला, या आठवड्यातच. गैरहजेरीचा विषय काढू नका. 'मी सगळ्यांसमोर विचारलेला प्रश्न मला नंतर खटकला. तुझा विचार काय होता हे मी विचारलंच नाही. आता सांगशील?' मग ऐका. त्याने आयओचं कारण सांगितलं तर कदाचित वर लिहिलेल्या तिन्हींपेक्षा वेगळंच निघेल. पुढच्या सरावाला यायला तो तयार झाला तर त्याला लगेच लीडर करू नका, निरीक्षक करूनही बाजूला बसवू नका. बॅग-मास्कने श्वास देणं किंवा औषधांची नोंद असं ठोस काम द्या.

हातातल्या कागदावर काय लिहायचं, तेही सांगून ठेवतो, कारण नवा प्रशिक्षक ऐन वेळी सगळं विसरतो. पहिली ओळ: 'कसं वाटतंय?' आणि त्यापुढे स्वतःसाठी सूचना, उत्तरांवर मत द्यायचं नाही, फक्त ऐकून लिहायचं. जे पहिल्या दोन मिनिटांत बोललं जातं, त्यातच त्यांच्या मनातले मुद्दे असतात. दुसरी: 'ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी, हे बाळ कशाने आजारी होतं, दोन वाक्यांत कोण सांगेल?' ही ओळ वगळावीशी वाटेल. वगळू नका. अर्धी टीम न्यूमोनिया समजून काम करत होती आणि अर्धी शॉक, हे इथेच कळतं. तिसरी: 'मी पाहिलं... मला वाटलं... तुझ्या डोक्यात काय होतं?' चौथी: 'हे आणखी कोणाला वाटलं?' पाचवी: 'उद्या खऱ्या बाळाजवळ उभे असाल तेव्हा यातलं काय कराल?' प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची, तुम्ही शेवटी काही भर घालायची नाही. कागद हातात धरायला लाजू नका. चेंग यांच्या अभ्यासातल्या प्रशिक्षकांच्या हातातही तो होताच.

सुधारतंय की नाही हे बघायला बाहेरचं कोणी लागत नाही. सहकाऱ्याला एका कोपऱ्यात बसवून गोल काढायला सांगा, गोलाभोवती सगळ्यांची नावं, आणि कोण कोणाशी बोललं त्याच्या रेषा. सगळ्या रेषा तुमच्याकडून निघून तुमच्याकडेच परत येत असतील, तर तो तास तुम्ही घेतलेला तोंडी पेपर होता. माणसं एकमेकांशी बोलू लागली की रेषा तुम्हाला वळसा घालून जातात. मोजमाप जास्त नेटकं हवं असेल तर ओसॅड नावाची तपासणी आहे: आठ बाबी, प्रत्येकीला 1 ते 5 गुण, म्हणजे एकूण 8 ते 40. तिची बालरोगासाठी बेतलेली आवृत्तीही उपलब्ध आहे. ती प्रशिक्षकांनी एकमेकांसाठी वापरावी. तुमचे गुणही विभागप्रमुखांच्या वहीत जाऊ देऊ नका, रेसिडेंटबद्दलच्या नोंदींना जो नियम तोच तुम्हालाही लागू.

आणि चर्चेत वॉर्डाचे दोष बाहेर येतील, ते नुसते ऐकून सोडू नका. आयओचं ड्रिल कुलूपबंद कपाटात आहे, 1:1000 आणि 1:10,000 शेजारी-शेजारी ठेवलेत, मुलाच्या लांबीवरून वजनाचा अंदाज देणारी टेप ट्रॉलीवर नाही, हे सरावातच कळलं तर बरंच झालं. प्रत्येक दोषापुढे एका माणसाचं नाव आणि एक तारीख लिहा. पुढच्या सरावाची पूर्वसूचना त्या यादीने सुरू करा: मागच्या वेळी सिस्टरनी हे सांगितलं, ड्रिल आता ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात आहे, जाऊन एकदा हात लावून या. जे झालं नसेल तेही सांगा, आणि ते कोणाकडे अडलंय तेही.